लंडनमध्ये ५ दिवस, दोन बॅगा आणि गेमची दुकानं: मार्ग सुचवा

फासेवाली

मे महिन्यात आम्ही ५ दिवस लंडनला चाललोय. आम्ही म्हणजे मी, नवरा, १३ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. बोर्ड गेमचं वेड माझं. मुलाला वॉरहॅमरच्या (लढाईचा टेबलावरचा खेळ) मिनिएचर, म्हणजे छोटे शिपाई, रंगवायची नुकतीच बाधा झालीय. नवरा कोणत्याही डावाच्या तिसऱ्या फेरीत "अजून किती?" विचारणारा. सासूबाई पत्त्यांत कोणाला हार जात नाहीत, पण त्या दुकानात ४ तास ताटकळत उभ्या राहतील असं कोणी समजू नये.

मी १४ दुकानांची यादी केली आणि नकाशावर टाकली. शहरभर शिंतोडे उडाल्यासारखी दिसतेय. नवऱ्याने ती बघून फक्त "बरं" म्हटलं. ज्यांची लग्नं झालीत त्यांना या "बरं"चा अर्थ कळेल.

तर प्रश्न असा: यातली कोणती ठेवू, कोणती गाळू, आणि घरच्यांना न वैतागवता हे कसं बसवू? गेमच्या दृष्टीने बघण्यासारखं दुकानांपलीकडे काही असेल तर तेही सांगा.

थेम्सकाठ

इथे राहून बरीच वर्षं झाली, त्यामुळे जरा अधिकारवाणीने लिहितो. आधी ती १४ची यादी फाडा.

नव्या खोक्यांसाठी एवढं हिंडण्यात अर्थ नाही. जो गेम पार उत्तरेच्या फिंचलीत मिळतो तोच घरबसल्याही मागवता येतो. दुकानात जायचं ते दुकान बघायला, काउंटरमागच्या माणसाशी बोलायला, नाहीतर तिथल्या टेबलावर बसायला. या तिन्हींपैकी एकही होणार नसेल तर ते दुकान गाळा.

नियम एकच ठेवा: ज्या बाजूला बाकीच्यांना काही बघायचंय, त्याच बाजूचं दुकान. ब्रिटिश म्युझियमपासून सुरुवात करा. तिथून रमतगमत १० मिनिटांत शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यूवर फॉरबिडन प्लॅनेट. मोठं दुकान आहे, वर पुतळे आणि खेळणी, तळघरात कॉमिक्स आणि पुस्तकं. नवऱ्याला तळघरात सोडा, तो स्वतःहून वर येणार नाही. तिथून आणखी ५ मिनिटं चाललं की अर्लहम स्ट्रीटवर ऑर्क्स नेस्ट.

ऑर्क्स नेस्ट १९८७ पासून आहे. एवढंसं दुकान, दोन छोटे मजले, आणि जमिनीपासून छतापर्यंत खोकी. पाठीवरची सॅक काढून पुढे घ्या, नाहीतर वळताना फाशांची बरणी पाडाल. (मी पाडलीय. १०० पेक्षा जास्त फासे होते. सगळ्यांनी मिळून वेचले, एका गृहस्थांनी वेचता वेचता "विसाचा आला!" असं ओरडूनही घेतलं.) सासूबाईंना तेवढा वेळ सेव्हन डायल्सच्या खांबापाशी बसवा, दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. ७ रस्ते तिथे मिळतात, पण खांबावर सूर्यघड्याळं ६च. सातवं घड्याळ म्हणजे खांब स्वतः, असं म्हणतात. लोक त्याच्या पायरीवर तासनतास बसून येणारे-जाणारे बघत असतात.

हा एक अख्खा दिवस, आणि ट्यूबचा (भुयारी रेल्वेचा) खर्च शून्य.

रंगलेलेहात

मुलाचं मी बघते. टॉटनहॅम कोर्ट रोडवर वॉरहॅमरचं मोठं दुकान आहे, तेही म्युझियमपासून चालत जाण्यासारखंच. आत फक्त त्यांचाच माल असतो, दुसऱ्या कंपनीची मिनिएचर मागू नका, हसं होईल. नवीन मुलांना एक मिनिएचर फुकट रंगवायला देतात, ब्रश-रंग त्यांचेच, शिकवायला माणूसही. मुलाने घरी कितीही रंगवलेलं असू दे, त्याला बसवा. मी ४० व्या वर्षी बसले होते, शेजारी ९ वर्षांची मुलगी. तिने माझ्या ब्रशला किती पाणी आहे ते बघून मान हलवली. ती मान मी अजून विसरलेले नाही, आणि तेव्हापासून माझे रंग कधी ओघळले नाहीत.

मुलाने रंगवलेल्या दोन-तीन मिनिएचर सोबत न्या. दुकानातल्या माणसाला दाखवल्या की पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही: वॉलेस कलेक्शनमध्ये जा. बाँड स्ट्रीट स्टेशनच्या जवळ, फुकट. तिथे १५व्या शतकातलं गॉथिक चिलखत आहे, घोडेस्वाराचं आणि घोड्याचंही. मी आठ वर्षं चिलखतं सरसकट चंदेरी रंगवत होते. प्रत्यक्ष बघितल्यावर कळलं की पोलादाच्या घडीत जवळजवळ काळा रंग असतो आणि कडेला पांढरी रेघ. वरच्या दालनांत चित्रं आणि फर्निचर आहे, म्हणजे घरच्यांचीही सोय झाली.

आडवाउंट

थेम्सकाठ यांनी ब्रिटिश म्युझियम एका वाक्यात उरकलं, याचा निषेध.

या शहरातलं गेमचं सर्वांत मोठं दुकान तेच आहे, फक्त काही विकत मिळत नाही. तीन ठिकाणं सांगतो, त्याच क्रमाने बघा.

पहिलं, खोली ४०. लुईस चेसमेन. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ मध्ये वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेल्या सोंगट्या सापडल्या, १२व्या शतकातल्या. एकूण ९३ नग. त्यातले ८२ या म्युझियमचे, ११ एडिंबरोचे. आपण वजीर म्हणतो ती इथे राणी आहे आणि गालावर हात ठेवून बसलीय, जणू कोणी तिला न विचारता चाल खेळलंय. आपला हत्ती म्हणजे इथे पायदळातला शिपाई, आणि त्यातले काही स्वतःची ढाल दातांनी चावताहेत! हातात डाव आला की आमच्या क्लबातले एक काका असाच ओठ चावतात. अशीच एक हरवलेली सोंगटी १९६४ मध्ये कोणी ५ पौंडांना घेतली होती, घरात पडून होती. २०१९ मध्ये लिलावात ७,३५,००० पौंडांना गेली. माळ्यावरचे डबे एकदा उघडून बघा.

दुसरं, खोली ५६. उरचा राजेशाही पट. लिओनार्ड वूली यांनी १९२०च्या दशकात इराकमधल्या उर इथे उत्खनन केलं त्यात सापडला. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, शिंपला, लाजवर्द आणि तांबडा दगड जडवलेला. २० घरं. नियम कसे कळले? तर बॅबिलोनच्या एका मातीच्या पाटीवर इ.स.पू. १७७ मध्ये कोणीतरी या खेळाबद्दल लिहून ठेवलं होतं, ती याच म्युझियममधल्या अर्विंग फिंकेल यांनी वाचली. पट आणि पाटी यांच्यात दोन हजारांहून जास्त वर्षं. एखादा खेळ एवढा टिकतो आणि आमचा ग्रुप दर शुक्रवारी नवीन खोकं उघडतो.

तिसरं खरं गंमतीचं. खोली १०, तळमजला. असिरियन राजाच्या खोर्साबादच्या राजवाड्यातले पंखवाले, माणसाच्या तोंडाचे दोन प्रचंड बैल. सगळे मान वर करून फोटो काढतात. तुम्ही मान खाली घाला. एका बैलाच्या पायापाशी चौथऱ्यावर तोच २० घरांचा पट ओरखडून काढलेला आहे. दारावरच्या पहारेकऱ्यांनी वेळ घालवायला काढला असावा. कोणत्या बैलापाशी ते सांगत नाही, मुलाला शोधू द्या.

प्रवेश फुकट, पण वेळ आधी नोंदवून ठेवा. शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी गर्दी कमी होते.

पिवळापत्ता

आडवाउंट, +१. बैलाचं माहीत नव्हतं. दोनदा जाऊन आलोय, दोन्ही वेळा मान वर.

शिशाचाशिपाई

सगळे लंडनच्या दुकानांचं कौतुक करताय आणि नॉटिंगहॅमचं नावही नाही? मुलाला वॉरहॅमरचं वेड आहे म्हणताय ना, मग तिथलं वॉरहॅमर वर्ल्ड सोडून टॉटनहॅम कोर्ट रोड म्हणजे पंढरपूरला जायचं सोडून स्टेशनबाहेरच्या विठोबाला हात जोडण्यासारखं झालं. सेंट पँक्रसहून रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता. प्रदर्शनात आख्ख्या लढाया मिनिएचरमध्ये मांडल्यात, भिंतीएवढ्या. त्या भागात मिनिएचर बनवणाऱ्या कंपन्या इतक्या की त्याला "लेड बेल्ट" म्हणतात, म्हणजे शिशाचा पट्टा, कारण पूर्वी त्या शिशाच्या असायच्या. एक दिवस काढा. नाही काढलात तर मुलगा मोठा झाल्यावर विचारेल.

थेम्सकाठ

शिपाई, ५ दिवसांत एक दिवस नॉटिंगहॅमला? चौघांपैकी तिघांनी तिथे काय करायचं? एकटा माणूस असता तर मीच तिकीट काढून दिलं असतं. घरच्यांना घेऊन पहिल्यांदा येणाऱ्याला हे सांगणं म्हणजे संसारात काडी टाकणं आहे.

आणि मूळ पीठाचाच प्रश्न असेल तर ते लंडनच! गेम्स वर्कशॉप, म्हणजे वॉरहॅमरवाली कंपनी, १९७५ मध्ये सुरू झाली ती शेफर्ड्स बुशमधल्या एका फ्लॅटमधून, तीन मित्रांनी. पहिलं दुकान १९७८ मध्ये हॅमरस्मिथला. नॉटिंगहॅमला ते नंतर गेले.

शिशाचाशिपाई

देव जिथे जन्मला तिथे नाही, जिथे राहतो तिथे जातात.

थेम्सकाठ

:) हे बरोबर आहे, पण तरी नको.

रंगलेलेहात

दोघेही थांबा. फासेवालीने अजून एक शब्द बोललेला नाही.

फासेवाली

वाचतेय हो सगळं, तिकडे नकाशा पुसून परत काढतेय. १४ची यादी ५ वर आली. नॉटिंगहॅम पुढच्या वेळी (मुलाला हा धागा दाखवणार नाहीये, नाहीतर पुढची वेळ याच वेळी होईल).

तीन शंका. १) सासूबाईंचे गुडघे. २) फिंचलीच्या लेझर (Leisure) गेम्स या दुकानाबद्दल खूप ऐकलंय, रोलप्लेइंगची (पात्र घेऊन खेळायच्या गेमची) पुस्तकं चांगली मिळतात म्हणे, मला एकटीला अर्धा दिवस काढून जायचंय. जमेल? ३) सगळ्यांनी बसून खेळावं असं एखादं ठिकाण?

थेम्सकाठ

१) कोव्हेंट गार्डन स्टेशनवर उतरू नका. तिथे सरकते जिने नाहीत, लिफ्टच्या रांगेला कंटाळून कोणी जिना धरला तर १९३ पायऱ्या. लेस्टर स्क्वेअरला उतरा, दोन स्टेशनांमध्ये अंतर जेमतेम पाव किलोमीटर, जमिनीवरून चालत जा. ट्यूबला प्रत्येकाने आपापलं कार्ड टेकवायचं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही.

२) जमेल. टॉटनहॅम कोर्ट रोडवरून नॉर्दर्न लाइन, फिंचली सेंट्रल. पण गाडीच्या पाटीवर हाय बार्नेट वाचूनच चढा.

पिवळापत्ता

या पाटीवर माझं एक वर्षं जुनं दुखणं आहे. नॉर्दर्न लाइन कॅमडेनला फुटते. मी "नॉर्दर्न म्हणजे नॉर्दर्न" म्हणून एजवेअरच्या गाडीत बसलो. पुस्तकात डोकं होतं. गाडी बोगद्यातून उजेडात आली तेव्हा खिडकीतून गोल्डर्स ग्रीनची पाटी दिसली. परत कॅमडेनला येऊन, बदलून, फिंचलीला पोहोचलो तोवर दुकान बंद व्हायला २० मिनिटं होती. २० मिनिटांत मी तीन पुस्तकं घेतली, त्यातलं एक आधीपासून माझ्याकडे होतं.

डावमोडी

३) ड्राफ्ट्स, बोर्ड गेम कॅफे. वॉटर्लू स्टेशनच्या खाली लीक स्ट्रीटचा बोगदा आहे, तिथल्या रेल्वेच्या कमानींत. माणशी आकार भरून बसायचं, शेकडो गेम कपाटात, काय खेळायचं ते सुचवायलाही माणूस असतो. शनिवार-रविवारी आधी टेबल राखून ठेवा. बोगद्यात ग्राफिटी काढायला परवानगी आहे, त्यामुळे भिंती रोज बदलतात. स्प्रेचा वास डोक्यात जातो हे आधीच सांगून ठेवतो. लंडन आय तिथून जवळच. थोडं पुढे चाललं तर इंपीरियल वॉर म्युझियम, तेही फुकट.

सासूबाई पत्त्यांत तरबेज असतील तर त्यांना कानडी-इंग्रजी काही वाचावं लागणार नाही असा ट्रिक-टेकिंग (हात करायचा) खेळ मागा. नवऱ्याला ४५ मिनिटांच्या वरचं काही देऊ नका.

अवांतर: गंभीर खेळणारे असाल तर शेफर्ड्स बुशला डार्क स्फिअर आहे, तिथेही खेळायची टेबलं आहेत. पण या सहलीत नको.

आडवाउंट

लढायांचं वेड असेल तर चेल्सीतलं नॅशनल आर्मी म्युझियम. विल्यम सायबॉर्न नावाच्या अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या लढाईचा प्रचंड पट केलाय, १८३८ मध्ये लोकांना दाखवला. ७० हजारांहून जास्त शिसं-कथिलाचे शिपाई. लढाईत असलेल्यांना पत्रं पाठवून "संध्याकाळी ७ वाजता तुम्ही कुठे होतात" असं विचारून मांडलाय. मदतीला आलेलं प्रशियन सैन्य फार दिसतंय म्हणून ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या गोटात नाराजी झाली आणि पुढे सायबॉर्नने बरेच प्रशियन उचलले. मांडलेल्या पटावर हात फिरवणारे तेव्हाही होते.

हलकीबॅग

सगळे घ्या घ्या म्हणताय, न्यायचं कसं ते मी सांगतो.

स्प्रे प्रायमर (रंगाआधी मारायचं अस्तर) घेऊ नका. ज्वलनशील स्प्रे विमानात ना हातात चालतो ना चेक-इनमध्ये. मिनिएचर चिकटवायचा प्लॅस्टिकचा गोंदही बहुतेक तसाच असतो, तोही राहू द्या. पाण्याचे रंग चालतात, छोट्या बाटल्या असतात, पण झाकणाला टेप लावून पिशवीत. हॉबी नाइफ चेक-इनमध्येच.

धातूचे फासे हातातल्या बॅगेत ठेवाल तर बॅग उघडावी लागेल. माझी उघडली. त्या बाई एक एक फासा ट्रेमध्ये ठेवत होत्या आणि मागे रांग. शेवटी त्यांनी विचारलं, "एवढे कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे घरीही नसतं.

खोकं म्हणजे निम्मी हवा. हॉटेलवर बसून पुठ्ठ्याच्या सोंगट्या सुट्या करा, फ्रेम तिथेच टाका, आतला प्लॅस्टिकचा साचा काढा आणि त्या जागेत मोजे भरा. दोन मध्यम गेम एका खोक्यात जातात. पत्त्यांचे गेम घ्या, ते कुठेही मावतात.

चिल्लर

विमानतळावर टॅक्स परत मिळतो, दुकानातून फॉर्म घ्यायला विसरू नका.

हलकीबॅग

चिल्लर, ते जुनं झालं. १ जानेवारी २०२१ पासून लंडनमध्ये पर्यटकांना दुकानातून नेलेल्या वस्तूंवरचा व्हॅट परत मिळत नाही. जुन्या धाग्यांवर अजून लिहिलेलं असतं, लोक काउंटरवर वाद घालतात.

चिल्लर

प्रतिसाद काढून टाकता येत नाहीये, राहू दे. वाद घालणाऱ्यांत मीही होतो हे आत्ता कळलं.

थेम्सकाठ

राहिलंच: रविवारी मोठी दुकानं ६ तासच उघडी ठेवता येतात, बहुतेक दुपारी १२ ते ६. रविवारी सकाळ म्युझियमला द्या. आणि जुन्या पुस्तकांत पोलॉक्स टॉय म्युझियम दिसेल, ती जागा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. खेळणीच बघायची असतील तर बेथनल ग्रीनचं यंग व्ही अँड ए, ते त्याच वर्षी जुलैत नव्याने उघडलं.

फासेवाली

धागा वर काढतेय. आलो परत. सविस्तर लिहायचं होतं, पण जमलं तसं लिहिते.

शुक्रवारी संध्याकाळी म्युझियम. लुईसची राणी बघून नवरा म्हणाला, "ही आईसारखी बसलीय." आई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी गालावरचा हात काढला.

खोली १० मध्ये मुलगा पहिल्या बैलाभोवती दोन फेऱ्या मारून "नाहीये" म्हणून मोकळा झाला. सासूबाई गुडघ्यांमुळे बाकावर बसल्या होत्या. तिथून, बसल्या जागेवरून, दुसऱ्या बैलाकडे बोट करून म्हणाल्या, "ते काय, रेघा मारल्यात." उभं राहून वरून बघणाऱ्याला त्या रेघा दिसत नाहीत, बसून तिरकं बघितलं की दिसतात. पुसट, वेड्यावाकड्या, एका बाजूची घरं मोठी आणि एका बाजूची लहान. कोणीतरी घाईत काढलेला. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रात्रपाळी असणार." नवऱ्याने पहिल्यांदा कुठेतरी स्वतःहून फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी ऑर्क्स नेस्ट. सॅक पुढे घेतली, काही पडलं नाही. काउंटरवरच्या मुलाला मी सांगितलं की चार जणांत एक कंटाळणारा, एक जिंकल्याशिवाय न उठणारी. त्याने जराही विचार न करता एक पत्त्यांचा डबा काढून दिला. छोटा, मोज्यात मावणारा.

वॉरहॅमरच्या दुकानात मुलगा बसला. "मला येतं" म्हणून बसला आणि अर्ध्या तासाने "आई, मी आजपर्यंत रंग फार जाड लावत होतो" म्हणून उठला. हे मी त्याला सहा महिने सांगतेय, पण मी पडले आई.

फिंचली रद्द केलं. निघायच्या दिवशी सकाळी जाणार होते, पण हाय बार्नेटची पाटी बघून बसायचं एवढं आठवत असूनही धीर झाला नाही. पिवळापत्ता यांच्या गोल्डर्स ग्रीनने मला भीती घातली. त्याऐवजी सगळे ड्राफ्ट्सला गेलो. तिथे नवऱ्याने "अजून एक डाव?" विचारलं. तारीख लिहून ठेवलीय.

हलकीबॅग, मोज्यांची युक्ती कामाला आली, पण मोजे कमी पडले.

म्युझियमच्या दुकानातून उरच्या पटाची प्रतिकृती घेतली. प्रत्येकाच्या ७ सोंगट्या, चार टोकांचे फासे, आणि फुलांची काही घरं: त्यावर पडलं की आणखी एक दान, आणि मधल्या फुलावर असताना कोणी मारू शकत नाही. हॉटेलच्या खोलीत पहिला डाव सासूबाईंनी जिंकला, दुसराही. घरी आल्यापासून ११ झाले, त्यातले ८ त्यांचे. मुलाचं म्हणणं, आजी मधल्या फुलावर एक सोंगटी बसवते आणि हलतच नाही, हा रडीचा डाव आहे. नियमांचा कागद काल तिसऱ्यांदा काढून बघितला. बसता येतं.